मूळ पान तिकडे आहे

मित्रांनो, मी एक जुनी ओळ आहे. वहीतली नाही, फळ्यावरचीही नाही. एका वेबसाइटच्या पानाच्या डोक्यात मी बसते आणि तुम्हाला कधीच दिसत नाही. तुम्ही पान उघडलंत की फोटो दिसतात, मजकूर दिसतो, बटणं दिसतात. माझं एक अक्षरही पडद्यावर उमटत नाही. मला वाचतो तो फक्त शोधयंत्राचा फिरस्ता. तो माणूस नाही, एक प्रोग्रॅम आहे. जगभरच्या पानांवरून तो हिंडतो, वाचतो, नोंद करतो आणि पुढे जातो. लोक शोधयंत्रात चार शब्द टाकतात तेव्हा कोणतं पान वर दाखवायचं, ते या नोंदींवरून ठरतं. त्याला मी एकच वाक्य सांगते, "मूळ पान तिकडे आहे," आणि पुढे पत्ता देते. जाणकार मला कॅनॉनिकल टॅग म्हणतात.

माझं सगळं आयुष्य म्हणजे हे एक वाक्य. आणि ते वाक्य मी सोळा दिवस चुकीचं सांगत राहिले. तेवढे दिवस एक म्हातारा माणूस परक्या गावात आपल्या घरच्यांची वाट पाहत होता. हे मला कोणाला तरी सांगायलाच हवं. फिरस्त्याला सांगून उपयोग नाही. त्याला पश्चात्ताप कळत नाही.

पण आधी जन्म सांगते, म्हणजे मला बोल लावायचा की नाही, ते तुम्हाला ठरवता येईल.

एका अरुंद दुकानात मी जन्मले. दुकान वजनकाटे दुरुस्त करण्याचं. आत दगडी ओटा, भिंतीला टांगलेल्या स्प्रिंगा, आणि लाकडी पेटीत मखमलीवर ठेवलेली पितळी वजनं. दुकानाचे मालक त्या वजनांना कुणाला उघडा हात लावू देत नसत. "घामालाही वजन असतं," असं म्हणत आणि चिमट्यानेच उचलत. गिऱ्हाइकं त्यांना काटेवाले काका म्हणायची. घरात ते बाबा. दुकानाच्या मागेच घर होतं आणि दुकानाच्या कोपऱ्यात संगणक. त्याच्यासमोर जे बोललं गेलं ते मला ऐकू आलं असं समजा. ओळीला कान कुठून आले, असं विचारू नका. तोंड आहे हे तुम्ही मान्य केलंच आहे.

मला घडवलं एका साइटवालीने. लोकरीचे गुंडे तोलायचा तिचा छोटा काटा बिघडला म्हणून ती दुकानात आली आणि जाता जाता दुकानाची वेबसाइट बांधून देते म्हणाली. साइट उभी राहिली, पण शोधात काही केल्या वर येईना. तेव्हा ती ओट्यावर कोपर टेकून काकांना समजावत होती.

"काका, 'गोणीच्या काट्याची दुरुस्ती' हे तुमचं पान पाच पत्त्यांवर उघडतंय. एक साधं, एक छापायचं, एक मोबाइलचं, एक किमतीप्रमाणे लावलेलं आणि एक कुणीतरी पुढे पाठवताना शेपूट लागलेलं."

"मजकूर वेगळा आहे का प्रत्येकात?"

"छे. अक्षर न् अक्षर तेच."

"मग यात लबाडी काय झाली?"

"लबाडी नाही हो, गोंधळ झाला. फिरस्त्याला पाचही सारखीच दिसतात. कोणतं खरं धरायचं ते त्याला कळत नाही. कधी हे दाखवतो, कधी ते, आणि पानाचं वजन पाचांत वाटलं जातं."

वजन हा शब्द ऐकल्यावर काका एकदम सावरून बसले. "म्हणजे घराला दारं पाच, आणि पाहुणा बिचारा बाहेरच गरगर फिरतोय."

"अगदी! म्हणून चार दारांवर एक पाटी लावू. मुख्य दार तिकडे आहे."

"आणि पाचव्यावर?"

"पाचव्यावरही. तिथे लिहू, मुख्य दार हेच."

"लाव बाई. तुझ्या पाट्यांना भाडं पडत नाही ना?"

ती हसली आणि तिने मला लिहिलं. पाच पानांत मी एकाच वेळी बसले. ओळींचं असंच असतं, आम्हाला एकच जागा नसते. पाचही ठिकाणांहून मी एकाच पत्त्याकडे बोट दाखवू लागले. तीन महिन्यांत दुकान शोधात वर आलं. दूरच्या गावातला एक बेकरीवाला मैद्याची पोती तोलायचा काटा टेम्पोत घालून घेऊन आला आणि घाम पुसत म्हणाला, "सापडलात बुवा एकदाचे!" काकांनी त्याच संध्याकाळी साइटवालीला फोन केला. "तुझी ती पाटी कामाला आली गं. एवढं कमी बोलणारं माणूस माझ्या दुकानात आजवर टिकलं नव्हतं."

माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात मोठं कौतुक. नंतरची काही वर्षं मी इमानाने काम केलं. ते कुणाला दिसलं नाही आणि दिसायला नकोच होतं.

मग साइटवाली नोकरीसाठी दुसरीकडे गेली. काकांचे हात थरथरायला लागले, चिमट्यातलं वजन निसटायला लागलं, आणि त्यानंतर गोष्टी निसटायला लागल्या. आज वार कोणता, दार लावलं का, जेवलो का. दुकान बंद झालं. साइट तशीच राहिली. तिच्यात मीही.

घरात आता चौघं होती. बाबा. थोरला मुलगा, जो बेकरीची पावाची गाडी चालवायचा. त्याला सगळे दादा म्हणत. त्याची बायको, म्हणजे वहिनी. आणि धाकटी मुलगी. तिला लग्नाच्या वयातही सगळे बारकीच म्हणायचे. बारकी रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये कामाला होती. नळीवर लेबल लावण्याआधी ती पेशंटला नाव दोनदा विचारायची, घरी भाजीच्या डब्यांवरही तारीख घालायची. "ही मला पण एक दिवस लेबल लावणार," असं दादा म्हणायचा.

एका मंगळवारी सकाळी बाबा दाढी करून घ्यायला म्हणून बाहेर पडले. न्हाव्याच्या दुकानात ते पोचलेच नाहीत.

दुपारपर्यंत सगळे रस्ते पालथे घालून झाले, चौकीत नोंद करून झाली. संध्याकाळी दादा आणि बारकी संगणकासमोर बसली. दादा टाइप करत होता, बारकी मागे उभी राहून सांगत होती.

"बाबांचा फोटो घाल. उंची लिही. कपाळावरचा व्रण लिही, डाव्या भुवईवर."

"शर्ट कोणता होता?"

"मी लॅबला गेले होते रे. वहिनी, शर्ट कोणता होता?"

वहिनी फोनवर होती. दादाने वाट पाहिली नाही. त्याने लिहिलं, पांढरा शर्ट.

"नंबर?"

"घरचाच दे," बारकी म्हणाली. "बाबांना तोच एक तोंडपाठ आहे. कुणी विचारलं तर तेही तोच सांगतील. म्हणजे ताळा बसेल."

विचार अगदी बरोबर होता, मित्रांनो. मी तेव्हाही तेच म्हटलं असतं. त्या पानाच्या छापायच्या आणि मोबाइलच्या नकला झाल्या, आणि दोन्हींतून मी फिरस्त्याला मूळ पान नीट दाखवलं. तो दुसऱ्याच दिवशी येऊन गेला. गुरुवारी बाबांचं नाव शोधलं की हेच पान सगळ्यात वर येत होतं. माझं काम इतकं चोख झालं होतं की आता तो चोखपणा आठवला तरी मला चरकायला होतं.

शुक्रवारी गल्लीत पाण्याच्या नळासाठी रस्ता खोदला आणि खोदणाऱ्यांनी फोनची तार तोडली. वहिनीने रिसीव्हर उचलला, कानाला लावला, काढून पाहिला, परत लावला. "अगं, हा मुकाच झालाय," ती म्हणाली. फोनवाल्यांच्या कचेरीतून उत्तर आलं, सगळी तार बदलावी लागेल, तीन आठवडे धरा.

त्याच दिवशी वहिनीला शर्टही आठवला. पांढरा नव्हता. निळ्या चौकड्यांचा होता, तिने स्वतः इस्त्री केलेला.

शनिवारी बारकी एकटीच संगणकाशी बसली. आता मी जे सांगणार आहे तिथे नीट लक्ष द्या, कारण सगळा घात इथे झाला.

जुन्या पानावर तिने नुसता नंबर बदलला असता, शर्ट बदलला असता, तरी काम भागलं असतं. पण ती लॅबमधली होती. लॅबमध्ये रिपोर्टात खाडाखोड चालत नाही. रिपोर्ट चुकला तर त्यावर पेन चालवायचं नाही; नवा काढायचा आणि जुना रद्द करायचा. सात वर्षं तिच्या हातांनी हेच केलं होतं. म्हणून तिने 'या पानाची नक्कल करा' हे बटण दाबलं. नक्कल उघडली. फोटो बदलला, शर्ट बदलला, नंबराच्या जागी दादाचा, वहिनीचा आणि स्वतःचा असे तीन मोबाइल घातले. प्रत्येक आकडा मोठ्याने वाचून ताडून पाहिला. पानाला नवा पत्ता दिला. मग साइटच्या यादीतून जुनं पान काढून टाकलं आणि नवं तिथे लावलं.

"झालं," ती वहिनीला म्हणाली. "जुनं रद्द."

जुनं रद्द झालं नव्हतं, मित्रांनो. यादीतून नाव काढलं म्हणजे पान जात नाही. दारावरची पाटी काढली म्हणून खोली पडत नाही, तसंच. जुनं पान आपल्या पत्त्यावर जसंच्या तसं उभं होतं, पांढऱ्या शर्टासह, मुक्या फोनसह.

आणि नक्कल करताना दिसणाऱ्या मजकुराबरोबर न दिसणारी मीही उतरले होते. 'आणखी' नावाचं एक छोटं बटण असतं, त्याच्या आत एक रकाना असतो, 'मूळ पानाचा पत्ता'. तो उघडला असता तर मी तिथे बसलेली दिसले असते, जुन्या पानाचा पत्ता घेऊन. नळीचं प्रत्येक लेबल दोनदा वाचणाऱ्या मुलीच्या हातून नव्या नळीवर जुनंच लेबल गेलं, कारण ते लेबल तिला दिसतच नव्हतं.

मी ओरडायचा प्रयत्न केला. पण मला जे लिहिलंय तेवढंच म्हणता येतं.

रविवारी फिरस्ता आला. त्याने नवं पान वाचलं. तीन मोबाइल वाचले, निळ्या चौकड्या वाचल्या. मला वाटलं, आता याला कळेल. मग तो माझ्यापाशी आला आणि मी म्हणाले, "मूळ पान तिकडे आहे." माझं बोलणं म्हणजे हुकूम नसतो, सल्ला असतो, पटलं नाही तर तो सोडूनही देतो. सोड, सोड, असं मी मनात म्हणत होते. पण त्याने दोन्ही पानं शेजारी शेजारी ठेवून पाहिली. नाव तेच. वय, उंची, व्रण तेच. दहातल्या नऊ ओळी त्याच. त्याला काही संशय आला नाही. ही नक्कल आहे, अशी त्याने नोंद केली, नवं पान बाजूला ठेवलं आणि जुनंच वर राहू दिलं. त्यानंतर तो दर दोन-तीन दिवसांनी येत राहिला. दर वेळी मी तेच सांगितलं आणि दर वेळी त्याला ते पटलं.

घरात तीन मोबाइल टेबलावर ओळीने ठेवलेले असायचे. वाजले की तिघं धावायची. बहुतेक वेळा बेकरीतून फोन असायचा, पाव किती वाजता येणार म्हणून. पहिले काही दिवस दादा नीट उत्तर द्यायचा. मग नुसतं "येतो" म्हणून ठेवायला लागला. पावाची गाडी घेऊन तो रोज वेगळ्या रस्त्याने जायचा आणि प्रत्येक बाकावरचा म्हातारा गाडी थांबवून पाहायचा.

बाराव्या दिवशी भांडण झालं.

"एकही फोन नाही," दादा म्हणाला. "एक नाही! लोकांना बाबा दिसतच नाहीत का कुठे?"

"तू खांबांवर पोस्टर नीट लावलीस ना?" बारकी म्हणाली.

"मी नीट लावली नाहीत? तू लॅबमध्ये बसून लोकांचं रक्त मोज, मी इथे खांब मोजतोय!"

"त्या दिवशी शर्ट कोणता होता ते विचारायलाही तुला दम निघाला नाही. चार दिवस जग पांढरा शर्ट शोधत होतं."

"बारके, तोंड सांभाळ."

"दोघंही सांभाळा," वहिनी म्हणाली. तिच्या हातात बाबांची ताटली होती. रोज चौथी ताटली मांडायची आणि मग आठवण झाली की उचलायची, असं तिचं चाललं होतं. "ते आले आणि तुम्हाला असं पाहिलं तर आल्या पावली परत जातील."

तिघंही एकमेकांवर चिडली होती, आणि माझ्यावर चिडायला हवं होतं.

कारण मित्रांनो, मला एक गोष्ट माहीत होती. मी जुन्या पानातही बसले होते ना? तिथे कुणीतरी येत होतं. रविवारी घरच्यांनी नवं पान उघडून पाहिलं, आणि सोमवारी दुपारी साडेचारला कुणीतरी जुनं पान उघडलं. सहा मिनिटं थांबलं. मंगळवारी साडेचारला परत. बुधवारी. गुरुवारी. एकाच दूरच्या शहरातून. ते माणूस शोधातून थेट त्या पानावर उतरायचं. वरच्या कोपऱ्यातल्या तीन रेघा दाबल्या असत्या तर साइटची यादी उघडली असती आणि नव्या पानाची वाट सापडली असती. पण फोन नंबर समोर ठळक दिसत असताना त्या रेघा कोण दाबतो? ते नंबर वाचायचं, जायचं, परत यायचं. शुक्रवारपासून ते यायचं बंद झालं.

दार ठोठावणारा माणूस कंटाळून निघून जाताना दिसावा आणि आपल्याला 'मागच्या दाराने या' एवढंही म्हणता येऊ नये, तसं माझं झालं.

एकविसाव्या दिवशी बारकीला सुट्टी होती. सकाळीच ती संगणकासमोर बसली. एकही फोन येत नाही म्हणजे पान कुणी पाहतच नाही की काय, हे मोजून बघायचं तिने ठरवलं. कोणतं पान किती वेळा उघडलं गेलं, याचा तक्ता साइटवालीने सहा वर्षांपूर्वी लावून ठेवला होता. तो उघडायचं आजवर कुणाच्या मनात आलं नव्हतं.

नवं पान: अकरा वेळा. सगळ्या याच गावातून. त्या भेटी त्यांच्याच होत्या, तिघांच्या.

जुनं पान: त्रेसष्ट वेळा.

"हे तर रद्द केलंय," ती स्वतःशीच म्हणाली. तिने जुना पत्ता टाइप केला.

पान उघडलं. पांढरा शर्ट. मुका नंबर.

"दादा!" तिचा आवाज असा निघाला की तो अर्धी दाढी झालेल्या अवस्थेत बाहेर आला. "दादा, हे जिवंत आहे."

"काय जिवंत आहे?"

"जुनं पान. लोक हेच बघतायत. नवं कुणाला दिसतच नाही."

तिने साइटवालीला फोन लावला. इतक्या वर्षांनी तिचा आवाज ऐकला आणि मला रडू आलं असतं, रडता येत असतं तर. बारकीने फोन टेबलावर ठेवून स्पीकर चालू केला. साइटवालीने बाबांचं ऐकून घेतलं, मधे एकदाही अडवलं नाही. मग विचारलं, "नवं पान कोरं केलंस की नक्कल?"

"नक्कल."

"'आणखी' दाब. 'मूळ पानाचा पत्ता' दिसतोय? काय आहे त्यात? मोठ्याने वाच."

बारकीने वाचायला सुरुवात केली आणि निम्म्यात थांबली.

सहा वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी माणसाने मला वाचलं होतं.

"हे मी लावलं," ती म्हणाली. "हे माझ्या हातून गेलं. सोळा दिवस."

"बारकी, ऐक. आधी हात चालव, मग रड. तिथे नव्या पानाचा पत्ता घाल. आता जुनं पान उघड, त्याचं तोंड नव्याकडे वळव, म्हणजे जुन्यावर येणारा थेट नव्यावर पोचेल. झालं? फिरस्त्याला परत येऊन नोंद बदलायला मात्र काही दिवस लागतील."

"दिवस नाहीत माझ्याकडे."

दादा इतका वेळ फेस वाळलेल्या गालाने पडद्याकडे बघत होता. त्याने तक्त्यावर बोट ठेवलं. "हे काय आहे? हे चार वेळा लागोपाठ, साडेचारला?"

बारकीने पाहिलं. तारखा पाहिल्या, वेळा पाहिल्या, शहर पाहिलं. "पाळी संपल्यावर," ती हळूच म्हणाली. "हे कुणीतरी कामावरून सुटल्यावर बघतंय. आमच्याकडे पण सकाळची पाळी चारलाच सुटते."

"कुणाची पाळी?"

"हॉस्पिटल असेल. कारखाना असेल. दादा, हे माणूस थांबलं रे. अकरा दिवस झाले, त्याने परत उघडलंच नाही."

मग तिघांनी तीन मोबाइल घेतले आणि त्या शहरातली हॉस्पिटलं, चौक्या, निवारे वाटून घेतले. "नमस्कार, वय बहात्तर, डाव्या भुवईवर व्रण..." तीन आवाज एकमेकांत मिसळून तेच तेच बोलत होते. नाही. नाही. धरून ठेवा. नाही. उद्या फोन करा. साहेब जेवायला गेलेत. वहिनीचा आवाज बसला तेव्हा तिने उरलेले नंबर लिहून दिले आणि दादाने दोघांचे फोन केले.

दुपारी दोनच्या सुमाराला बारकीला एका वॉर्डातली सिस्टर लागली. तिने स्पीकर चालू केला.

"कोण, ते वजनांचं बोलणारे आजोबा?" सिस्टर म्हणाली. "अहो, किती फोन लावले मी तुम्हाला! चार दिवस लावत होते. तुमच्या पानावर जो नंबर तोच आजोबाही सांगायचे. लागायचाच नाही. वाटलं, जुनं प्रकरण असेल, घरच्यांनी नाद सोडला असेल."

"आहेत का ते?"

"होते."

दादाने खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"अहो तसं नाही! बरे होते. एसटी स्टँडवर चक्कर येऊन पडले होते, अंगातलं पाणी कमी झालेलं. बरे झाले, पण खाट अडवून किती दिवस ठेवणार? मागच्या आठवड्यात निवाऱ्यात पाठवलं. चौकीला कळवलंय मी, तो कागद कुठे फिरतोय देव जाणे." मग तिने आवाज उतरवला. "ताई, एक सांगते. पहिले काही दिवस नंबर खाडखाड सांगायचे. आम्ही लावायचो, लागायचा नाही. पाचव्या दिवशी मला म्हणाले, सिस्टर, शेवटचा आकडा सात होता की नऊ हो? त्यानंतर म्हणाले, माझं काही धरू नका, माझं डोकं गेलंय. मग सांगायचेच बंद झाले."

निवाऱ्यातला माणूस फोन घेऊन बाबांना शोधायला गेला. चपला फरफटल्याचा आवाज आला. मग श्वास.

"बाबा, मी बारकी."

तिकडे फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर गेला.

"बारके, मी नंबर चुकीचा सांगितला गं सगळ्यांना. तुम्ही उगाच त्रासात पडलात."

"नाही बाबा. नंबर बरोबर होता. अगदी बरोबर. आपल्या फोनची तार तुटली होती. आणि पानावर माझी चूक झाली. तुमची नाही झाली."

"खरं सांगतेस?"

"शप्पथ."

"मग थांब, सांगून दाखवतो," बाबा म्हणाले. आणि सावकाश, एकेक आकडा ठेवत, त्यांनी घरचा नंबर सांगितला.

दोन आकडे चुकले होते. तीस वर्षं जो नंबर त्यांना झोपेतही येत होता, त्यातले दोन. वहिनीने तोंडावर पदर धरला. दादाने बहिणीकडे पाहिलं.

"बरोबर आहे, बाबा," बारकी म्हणाली. "निघालो आम्ही. संध्याकाळपर्यंत पोचतो."

बाबा घरी आले. पण तो नंबर त्यांना पुन्हा कधी पूर्ण आला नाही. काट्याबद्दल, वजनांबद्दल ते अजून बोलतात. नंबराचं नाव निघालं की गप्प होतात. आजाराने तो कधीतरी गेलाच असता, असं डॉक्टर म्हणतात. गेला असेलही. पण ते चार दिवस कुणीतरी रोज नंबर लावत होतं आणि रोज त्यांना सांगत होतं, लागत नाही. स्वतःवरचा त्यांचा विश्वास तिथे, त्या खाटेवर उडाला. त्या मुक्या नंबरापाशी माणसांना नेऊन सोडणारी मी होते.

मित्रांनो, आता मी नव्या पानात बसले आहे आणि बरोबर पत्ता सांगते आहे. बाबा सापडल्यावर त्या पानाची कुणाला गरज उरली नाही, तरी बारकीने ते काढलेलं नाही. त्यावर तिने एवढंच लिहिलंय, 'सापडले. आभार.' फिरस्ता अजून येतो, मला वाचतो, मान डोलावतो आणि जातो. त्याने सोळा दिवसही असंच केलं होतं.

माझ्यासारख्या ओळी अगणित आहेत. कुणी औषधाच्या पानाची नक्कल केली असेल, कुणी परीक्षेच्या तारखेच्या पानाची, कुणी हरवलेल्या मुलीच्या पानाची. वरचा मजकूर त्यांनी दहा वेळा वाचला असेल. आत बसलेली ओळ या घडीलाही जुन्याच पत्त्याकडे बोट दाखवत असेल, आणि त्या ओळीला ते माहीत असेल, आणि तिला काही करता येत नसेल. तुम्ही मोठे व्हाल, पानं बनवाल, नकला कराल. करा. पण नक्कल केलीत की ते छोटं बटण उघडा आणि आतलं मोठ्याने वाचा. जुनं काढलंत म्हणालात तर त्याचा पत्ता टाइप करून बघा, खरंच गेलं का. दोन मिनिटं लागतात. आम्हाला चूक कळली तरी बोलणं थांबवता येत नाही हो. कुणीतरी माणसाने येऊन थांबवावं लागतं. लवकर या.